हेन्री बर्ग

हेन्री बर्ग (२९ ऑगस्ट १८१३ – १२ मार्च १८८८) हे अमेरिकन समाजसुधारक, मुत्सद्दी आणि प्राणिसंरक्षण चळवळीचे प्रवर्तक होते. १८६६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी अमेरिकन सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स ही संस्था स्थापन केली आणि मृत्यूपर्यंत ते तिचे अध्यक्ष होते. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध कायदा करून घेणे एवढ्यावरच ते थांबले नाहीत. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी बिल्ला धारण करणारे, रस्त्यावर गस्त घालणारे आणि अटकेचा अधिकार असलेले अधिकारी त्यांनी नेमले. अमेरिकेतील आजच्या प्राणी नियंत्रण अधिकाऱ्यांच्या आणि प्राणिक्रूरता-विरोधी पथकांच्या परंपरेचा आरंभ शोधताना त्यामुळेच बर्ग यांच्या कार्यापर्यंत जावे लागते.

पूर्वायुष्य

बर्ग यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे वडील ख्रिश्चन बर्ग हे ईस्ट नदीकाठचे नामवंत जहाजबांधणी व्यावसायिक होते. हेन्री यांनी कोलंबिया महाविद्यालयात प्रवेश घेतला, परंतु शिक्षण पूर्ण केले नाही. १८३९ मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन मॅटिल्डा टेलर यांच्याशी झाला. १८४३ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर त्यांच्या वाट्याला मोठी मालमत्ता आली आणि उदरनिर्वाहासाठी काम करण्याची गरज उरली नाही. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे त्यांनी बहुतांशी युरोपातील प्रवासात आणि साहित्यनिर्मितीच्या प्रयत्नांत घालवली. त्यांनी नाटके व काव्य लिहिले, मात्र लेखक म्हणून त्यांना यश लाभले नाही. पन्नाशी गाठेपर्यंत त्यांच्या हातून सार्वजनिक महत्त्वाचे असे कोणतेही कार्य घडलेले नव्हते.

रशियातील वास्तव्य

१८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बर्ग यांची सेंट पीटर्सबर्ग येथील अमेरिकन वकिलातीच्या सचिवपदी नियुक्ती केली. तेथील रस्त्यांवर गाडीवान घोड्यांना निर्दयपणे मारताना त्यांना वारंवार दिसत असे. अशाच एका प्रसंगी त्यांनी आपली गाडी थांबवून गाडीवानास मज्जाव केला. वकिलातीच्या झगमगीत गणवेशातील अधिकारी पाहून गाडीवानाने मुकाट्याने हात आवरला. अधिकाराचे बाह्य चिन्ह दिसताच माणसाचे वर्तन बदलते, ही गोष्ट बर्ग यांच्या पुढील कार्यपद्धतीच्या मुळाशी राहिली.

तेथील कडक थंडी मानवत नसल्याने त्यांनी लवकरच पदाचा राजीनामा दिला. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले आणि रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स या संस्थेचे अध्यक्ष अर्ल ऑफ हॅरोबी यांना भेटले. १८२४ मध्ये स्थापन झालेली ही ब्रिटिश संस्था स्वतःचे निरीक्षक नेमून गुन्हेगारांवर खटले भरत असे. तिचे कामकाज समजून घेऊन बर्ग न्यूयॉर्कला परतले.

संस्थेची स्थापना

८ फेब्रुवारी १८६६ रोजी न्यूयॉर्कमधील क्लिंटन हॉल येथे बर्ग यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविषयी व्याख्यान दिले. हवामान प्रतिकूल असूनही नगराध्यक्ष जॉन हॉफमन यांच्यासह शहरातील अनेक प्रतिष्ठित नागरिक सभेस उपस्थित होते. प्राण्यांवरील दया हा पक्षभेद वा वर्गभेद यांच्या पलीकडील नीतीचा प्रश्न आहे, अशी मांडणी बर्ग यांनी केली. त्यानंतर त्यांनी मान्यवरांच्या स्वाक्षऱ्या मिळवून राज्य विधिमंडळाकडे प्रस्ताव नेला. १० एप्रिल १८६६ रोजी संस्थेला सनद मिळाली, तर १९ एप्रिल रोजी प्राणिक्रूरता-विरोधी कायदा संमत झाला.

न्यूयॉर्क राज्यात प्राण्यांना क्रूरपणे मारण्याविरुद्ध यापूर्वीही कायदा होता. परंतु त्याची अंमलबजावणी करणे हे कोणाचेही विशेष कर्तव्य नव्हते. पोलिसांना अन्य कामे होती, तक्रारदार पुढे येत नव्हते आणि मारहाण होणाऱ्या प्राण्याला तक्रार करता येत नव्हती. नव्या व्यवस्थेने ही उणीव भरून काढली. चाबूक उगारणारा गाडीवान, रस्त्यावर कोसळलेला घोडा आणि त्या दोघांच्या मधोमध संरक्षणार्थ उभी असलेली देवदूताची आकृती असे चित्र संस्थेच्या मुद्रेवर घेण्यात आले.

कायदा व अंमलबजावणी

१८६६ चा कायदा त्रोटक होता. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, तो अधिक व्यापक करण्यात आला. कायद्याचे संरक्षण आता कोणत्याही सजीव प्राण्यास लागू झाले. अतिभार लादणे, प्रमाणाबाहेर पळवणे, अन्नपाण्यावाचून ठेवणे, कोंबड्यांच्या किंवा कुत्र्यांच्या झुंजी लावणे, तसेच जखमी वा म्हातारा प्राणी रस्त्यावर मरण्यासाठी सोडून देणे हे गुन्हे ठरले. कोंडवाड्यातील प्राण्यांविषयीही त्यात तरतूद होती. कोंडलेल्या प्राण्यास सलग बारा तासांहून अधिक काळ अन्नपाणी मिळाले नसेल, तर कोणाही व्यक्तीस कोंडवाड्यात शिरून ते देण्याची मुभा होती. संस्थेच्या अधिकाऱ्यांना अटक करण्याचा अधिकार मिळाला आणि दंडाची रक्कम संस्थेकडे जमा होऊ लागली.

बर्ग स्वतः वेतन घेत नसत. उंच, सडपातळ बांधा, झुपकेदार मिशा, उंच टोपी, लांब कोट आणि हातात काठी अशा वेशात ते रोज शहरातील रस्त्यांवर फिरत. जादा प्रवासी भरलेली घोड्यांची ट्राम दिसली की ती थांबवून ते प्रवाशांना उतरवत. घोडा लंगडत असेल तर तो जागीच सोडवायला लावत. पाय बांधून गाडीत एकावर एक रचलेली वासरे कत्तलखान्याकडे नेणाऱ्या खाटकांना त्यांनी न्यायालयात खेचले. ब्रुकलिन येथील दूध व्यावसायिक दारूभट्टीतील चोथ्यावर गाई पोसत आणि अंधाऱ्या, कोंदट गोठ्यांत रोगट झालेल्या गाईंचे दूध शहरात विकत. हा प्रश्न बर्ग यांनी गाईंच्या हालांबरोबरच बालकांच्या आरोग्याशीही जोडला.

अधिकाऱ्यांचे कार्य

संस्थेच्या आरंभीच्या काळात अधिकाऱ्यांची संख्या मोजकी होती, तर शहराची सारी वाहतूक घोड्यांवर चालत असे. मालगाड्या, ट्राम, अग्निशामक बंब आणि भाड्याच्या गाड्या या सर्वांना घोडेच जोडलेले असत. घसरड्या दगडी रस्त्यांवर घोडे कोसळणे ही नित्याची बाब होती. अशा ठिकाणी पोहोचून घोडा वाचण्याजोगा आहे की नाही हे ठरवणे, वाचण्याजोगा असल्यास उपचारासाठी हलवणे आणि नसल्यास त्याच्या यातना थांबवणे हे अधिकाऱ्याचे काम होते. हा निर्णय त्याला भर रस्त्यात, जमलेल्या गर्दीसमोर आणि रोजगार बुडाल्याने संतापलेल्या गाडीवानाच्या विरोधात घ्यावा लागे.

१८६७ मध्ये संस्थेने जखमी घोड्यांसाठी रुग्णवाहिका सुरू केली. न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू रुग्णालयाची माणसांसाठीची रुग्णवाहिका सेवा त्यानंतर दोन वर्षांनी, १८६९ मध्ये सुरू झाली. खड्ड्यात किंवा नदीत पडलेला घोडा वर काढण्यासाठी संस्थेने कापडी पट्ट्याची झोळीही तयार केली. कामकरी जनावरांना पाणी मिळावे म्हणून रस्त्यांवर हौद बांधण्याचा पुरस्कार संस्थेने केला.

या पथकाची कसोटी १८७२ च्या शरद ऋतूत लागली. कॅनडातून पसरलेल्या घोड्यांच्या साथीच्या तापाने न्यूयॉर्कमधील बहुसंख्य घोडे आजारी पडले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. काही कंपन्या खोकणारे, थकलेले घोडे तसेच जुंपत होत्या. बर्ग आणि त्यांचे अधिकारी रस्त्यांच्या तोंडाशी उभे राहून असे घोडे तबेल्याकडे परत पाठवू लागले. प्रवासी, व्यापारी आणि वृत्तपत्रे यांनी या हस्तक्षेपावर टीका केली. तथापि शहराचे जीवन ज्या मुक्या जनावरांच्या श्रमांवर उभे होते, ते श्रम या साथीमुळे प्रथमच सर्वांच्या नजरेस आले.

संस्थेच्या आर्थिक स्थितीला १८७१ मध्ये बळ मिळाले. लुई बोनार नावाच्या एका फ्रेंच रहिवाशाने आपली संपत्ती मृत्युपत्राद्वारे संस्थेला दिली. एक लाखाहून अधिक डॉलरच्या या देणगीमुळे संस्थेला स्वतःची इमारत घेता आली.

गाजलेली प्रकरणे

कासवांचा खटला (१८६६) : उष्ण प्रदेशातून न्यूयॉर्क बंदरात आलेल्या एका जहाजावर समुद्री कासवे उताणी ठेवलेली होती, त्यांच्या पोहण्याच्या पंखांना भोके पाडून ती दोरीने बांधली होती. बर्ग यांनी जहाजाच्या कप्तानाविरुद्ध खटला भरला. कासव हा कायद्याच्या अर्थाने प्राणीच नव्हे, असा बचाव करण्यात आला आणि कप्तान सुटला. वृत्तपत्रांनी बर्ग यांची यथेच्छ टिंगल केली. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांनी मात्र त्यांची बाजू उचलून धरली. खटला हरला तरी त्याच्या वृत्तांतांमुळे संस्थेचे नाव घरोघरी पोहोचले.

बार्नम यांच्याशी वाद : विख्यात मनोरंजन व्यावसायिक पी. टी. बार्नम यांच्या संग्रहालयात अजगरांना जिवंत ससे खाऊ घालत. यास बर्ग यांनी हरकत घेतली. या वेळी अगासिझ यांनी बार्नम यांच्या बाजूने मत दिले. सापांना जिवंत भक्ष्य लागते असे त्यांचे म्हणणे होते. १८८० मध्ये बार्नम यांच्या सर्कशीतील घोडा पेटत्या कड्यांमधून उडी मारत असे. बर्ग यांनी पुन्हा आक्षेप घेतला, तेव्हा बार्नम स्वतः त्या कड्यांमधून चालत गेले. तेथे पाठवलेल्या संस्थेच्या अधिकाऱ्यानेही तोच अनुभव घेतला आणि धोका नसल्याचे मान्य केले. पुढे दोघांमध्ये स्नेह निर्माण झाला आणि बार्नम यांनी ब्रिजपोर्ट येथे प्राणिसंरक्षणाच्या कामास साहाय्य केले.

किट बर्न्सचा अड्डा : वॉटर स्ट्रीटवरील स्पोर्ट्समेन्स हॉल येथे किट बर्न्स हा कुत्र्यांच्या झुंजी लावत असे. कुत्रा ठरावीक वेळात किती उंदीर मारतो यावरही तेथे पैजा लागत. नोव्हेंबर १८७० मध्ये पोलिसांच्या साहाय्याने तेथे छापा घालून अनेकांना अटक करण्यात आली. बर्न्सवरील खटल्याची सुनावणी होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला आणि तो अड्डा बंद पडला.

भटकी कुत्री व शहराचा कोंडवाडा

बर्ग यांच्या हयातीत न्यूयॉर्कमधील भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त महानगरपालिकेच्या कोंडवाड्यामार्फत होत असे. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती पसरली की कुत्री पकडण्याची मोहीम निघे. पकडणाऱ्यांना दर कुत्र्यामागे पैसे मिळत. त्यामुळे भटकी कुत्री शोधण्यापेक्षा लोकांच्या दारातील पाळीव कुत्री पळवणे अधिक सोयीचे ठरे आणि या कामात लहान मुले व गुंडही शिरले. मुदतीत न सोडवलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात भरून ईस्ट नदीत बुडवली जात.

बर्ग यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. पिसाळण्याच्या रोगाची भीती अवाजवी असल्याचे त्यांचे मत होते. या मुद्द्यावर तत्कालीन डॉक्टरांशी त्यांचे मतभेद झाले आणि रोगाचे गांभीर्य त्यांनी कमी लेखले असे आज म्हणावे लागते. मात्र व्यवस्थेतील मूळ दोष त्यांनी अचूक ओळखला होता. कुत्रे पकडणाऱ्याला नगावर पैसे मिळतात तोवर त्याचे हित अधिकाधिक कुत्री मरण्यात असते. त्यास निश्चित वेतन, प्रशिक्षण आणि उत्तरदायित्व दिले तरच ते लोकसेवेचे काम होऊ शकते.

हा बदल प्रथम फिलाडेल्फियात दिसला. कॅरोलिन अर्ल व्हाइट यांनी बर्ग यांची भेट घेऊन त्या शहरात प्राणिसंरक्षण संस्थेच्या स्थापनेसाठी प्रयत्न केले होते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या तिच्या महिला शाखेने लवकरच शहरातील भटकी कुत्री पकडण्याचे व सांभाळण्याचे काम हाती घेतले. तेथे कुत्र्यांना निवारा, अन्नपाणी व नव्या घराची शक्यता मिळू लागली. न्यूयॉर्कमध्ये हे काम बर्ग यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यांच्या संस्थेकडे आले. शतकभर ही जबाबदारी सांभाळल्यानंतर १९९५ पासून ती शहरासाठी स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थेकडे गेली.

बालसंरक्षण

१८७४ मध्ये एटा व्हीलर या समाजसेविकेने मेरी एलन या सुमारे दहा वर्षांच्या मुलीच्या छळाकडे बर्ग यांचे लक्ष वेधले. अन्यत्र दाद न मिळाल्याने त्या बर्ग यांच्याकडे आल्या होत्या. बर्ग यांनी आपले वकीलमित्र एल्ब्रिज गेरी यांच्या मदतीने प्रकरण न्यायालयात नेले. मुलीची सुटका झाली आणि तिचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीला एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

मूलदेखील प्राणीच आहे असा युक्तिवाद करून प्राणिसंरक्षण कायद्याखाली या मुलीला सोडवले, अशी कथा पुढे रूढ झाली. वस्तुतः ती खरी नाही. बर्ग यांनी या प्रकरणात संस्थेचे अध्यक्ष म्हणून नव्हे, तर एक नागरिक म्हणून पुढाकार घेतला होता आणि गेरी यांनी बेकायदा ताब्यातील व्यक्तीस न्यायालयासमोर हजर करण्याच्या प्रचलित कायदेशीर मार्गाचा अवलंब केला होता. या घटनेतून बर्ग, गेरी आणि जॉन राइट यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू चिल्ड्रेन ही संस्था उभी राहिली. अंमलबजावणीसाठी स्वतःचे अधिकारी नेमण्याची पद्धत तिने प्राणिसंरक्षण संस्थेवरूनच घेतली.

टीका व मर्यादा

बर्ग यांना वृत्तपत्रांनी लुडबुड्यांचा शिरोमणी अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते आणि व्यंगचित्रांतून त्यांची नेहमी खिल्ली उडवली जाई. गरीब गाडीवानाला दंड होतो, परंतु त्याच्यावर जास्तीचा माल लादणारा मालक सुटतो, ही टीका मात्र गंभीर होती. बर्ग यांनी ट्राम कंपन्या, धनिकांचे कबुतर-नेमबाजी क्लब आणि कोल्ह्यांची शिकार यांच्याविरुद्धही आघाडी उघडली. तरीही रस्त्यावर हातात लगाम असलेला माणूसच अधिकाऱ्याच्या समोर सापडतो, ही अडचण पुरती सुटली नाही.

जिवंत प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोगांवर बंदी आणण्याचे त्यांचे प्रयत्न वैद्यक क्षेत्राच्या विरोधामुळे अयशस्वी ठरले. गुन्हेगारांना फटक्यांची शिक्षा द्यावी, असे मतही त्यांनी मांडले. क्रूरतेला विरोध करणाऱ्या व्यक्तीने शारीरिक शिक्षेचा पुरस्कार करावा, ही विसंगती समकालीनांच्याही लक्षात आली होती. प्राण्यांविषयी त्यांना व्यक्तिगत लळा नव्हता, असेही अनेकांनी नोंदवले आहे. त्यांच्या कार्याचा आधार आवडीनिवडीपेक्षा न्यायबुद्धी हा होता.

निधन

पत्नीच्या निधनानंतर अल्पावधीतच, १२ मार्च १८८८ रोजी पहाटे, बर्ग यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. त्याच दिवशी शहर इतिहासप्रसिद्ध हिमवादळात सापडले होते. ब्रुकलिन येथील ग्रीन-वुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

बर्ग यांच्या मृत्यूसमयी अमेरिकेतील ३८ राज्यांपैकी ३७ राज्यांनी प्राणिक्रूरता-विरोधी कायदे केले होते. १८६८ मध्ये जॉर्ज एंजल यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन केलेल्या संस्थेसह अनेक शहरांतील संस्थांनी न्यूयॉर्कचा नमुना स्वीकारला. न्यूयॉर्क शहरात बर्ग यांच्या संस्थेच्या अधिकाऱ्यांकडे असलेले प्राणिक्रूरतेच्या तपासाचे मुख्य काम २०१४ पासून शहर पोलीस दलाने घेतले. खासगी संस्थेने सुरू केलेले हे कर्तव्य अशा रीतीने पोलीस यंत्रणेचा नियमित भाग बनले.

आज अमेरिकेत प्राणी नियंत्रण अधिकारी हे स्थानिक शासनाच्या सेवेतील पद आहे. भटक्या वा जखमी प्राण्यांची सुटका, चावा घेतल्याच्या प्रकरणांची चौकशी, रेबीज प्रतिबंध, परवाने, क्रूरतेच्या तक्रारींचा तपास आणि हरवलेला प्राणी मालकाकडे पोहोचवणे ही त्यांची कामे आहेत. आक्रमक प्राणी आणि क्षुब्ध मालक या दोहोंना सामोरे जावे लागत असल्याने हे काम जोखमीचे असते. वाचवता न येणाऱ्या प्राण्यांचा मानसिक भारही त्यात असतो. पूर्वीच्या कुत्री पकडणाऱ्यांची वाईट प्रतिमा या पेशाला दीर्घकाळ चिकटून राहिली. ती बदलावी आणि या सेवेची दखल घेतली जावी म्हणून दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या पूर्ण आठवड्यात प्राणी नियंत्रण अधिकारी कृतज्ञता सप्ताह पाळला जातो. १८६६ मध्ये बर्ग यांच्या संस्थेची सनद आणि पहिला कायदा हे दोन्हीही एप्रिल महिन्यातच अस्तित्वात आले होते.